एक ओळ आणि अकरा मिनिटं

३ फेब्रुवारी

मालकांनी आत बोलावलं तेव्हा वाटलं, आता नारळ मिळणार. गेल्या महिन्यात सूचीपत्रात एक वेलांटी माझ्या नजरेतून सुटली होती, आणि ती नेमकी मालकांच्याच आडनावातली होती.

पण तसं काही नव्हतं. कादंबरीची नवी आवृत्ती काढायची आहे. तिच्यावरचा चित्रपट लागलाय, दुकानांत लोक पुस्तक विचारतायत, मुखपृष्ठावर नटीचा फोटो टाकायचा ठरलंय. "आणि शेवटी बारा पानांचा लेख हवा," मालक म्हणाले. "कादंबरी आणि चित्रपट, तुलना. तो तुम्ही लिहा."

"मी? मी मुद्रितशोधक, मालक."

"या कादंबरीची प्रुफं तुमच्याइतक्या वेळा कुणी वाचलीत? लेखकाने तरी वाचली होती का?"

हे खरं आहे. तिच्या चार आवृत्त्या माझ्या हाताखालून गेल्या. अडतीस वर्षं दुसऱ्यांच्या पुस्तकांतल्या चुका काढल्या, आता पहिल्यांदाच एका पुस्तकात माझं नाव येणार. घरी येऊन बायकोला सांगितलं. म्हणाली, "मग सिनेमा बघावा लागेल. मीही येते."

मला नवलच वाटलं. आम्ही दोघं थिएटरात जाऊन बरीच वर्षं झाली. किती ते मोजत बसलो नाही.

८ फेब्रुवारी, रविवार

दुपारच्या खेळाला जाऊन आलो. डोकं तापलंय.

आधी मूळ गोष्ट लिहून ठेवतो, लेखात हाच परिच्छेद कामाला येईल. नदीकाठचं घर, नावांचा धंदा. घरच्या मोठ्या सुनेला सगळे 'थोरली' म्हणतात. तिचं एकुलतं एक मूल तापाने जातं. नवरा दिवसभर नावेवर, सासू अंथरुणाला खिळलेली, थोरली घर ओढते. एक दिवस काही न सांगता ती पलीकडच्या काठावर भावाकडे निघून जाते. दोन वर्षांनी परत येते. ते तिचं परत येणं म्हणजे कादंबरीचं शिखर. तो उतारा लोकांना तोंडपाठ आहे.

चित्रपटात ती परत येतच नाही! नाव तिला न्यायला येते, ती काठावर उभी राहते, आणि रिकामी नाव परत पाठवते. पडदा काळा, दिवे लागले. माझ्या मागचा माणूस म्हणाला, "एवढंच?" मला त्याला मिठी मारावीशी वाटली.

पण माझा मोठा आक्षेप दुसराच आहे. कादंबरीत मुलाचं जाणं एका ओळीत येतं: 'त्या वर्षी पोर गेलं आणि नदीचं पाणी उतरलं.' बस्स. काय ताकद आहे त्या ओळीत! चित्रपटाने तिथे पूर्ण अकरा मिनिटं घालवली. मी घड्याळ लावून बघितलं. थोरली पोराचे कपडे धुते, वाळत घालते, घड्या करते, पेटीत ठेवते, पुन्हा काढते, पुन्हा धुते. संवाद नाही, संगीत नाही. नवरा एकदा दाराशी येतो, बघतो, जातो. अकरा मिनिटं! कादंबरीत ती पेटी नाही, ते कपडे नाहीत, काही नाही.

थिएटरातल्या गारठ्याने बायकोला सर्दी झाली. सारखी नाक पुसत होती. मी माझा रुमाल दिला, म्हटलं बाहेर जाऊन बस हवं तर. नको म्हणाली.

येताना बसस्टॉपवर तिने विचारलं, "तुम्हाला ते कपड्यांचं आवडलं नाही?"

"अगं, कादंबरीत ते नाहीच."

"हो," ती म्हणाली. "कादंबरीत नाही."

९ फेब्रुवारी

बायको चार दिवस ताईकडे गेली. ताई म्हणजे तिची मोठी बहीण. खाली शिवणकामाचं दुकान, वर राहायची खोली, एकटीच असते. शाळेच्या गणवेशांचं काम आलंय, हाताशी कुणीतरी हवं, असं बायको म्हणाली. फेब्रुवारीत गणवेश कुठले, असं मनात आलं, पण विचारलं नाही. बरंच झालं. घर शांत असेल, लेख होईल.

१४ फेब्रुवारी

लेखाला रंग चढलाय. सहा पानं झाली. मधल्या वेळेत भात दोनदा करपला आणि चहाचं आधण एकदा पूर्ण आटलं, पण वाक्यं चांगली उतरतायत.

आज ऑफिसात डीटीपी करणाऱ्या पोरीला पहिली पानं दिली. बाळंतपणाची रजा संपवून ती नुकतीच कामावर आलीय. टाइप करता करता म्हणाली, "काका, मला तर ते कपड्यांचं बघून रडूच आवरेना. घरी जाऊन बाळाला आधी जवळ घेतलं."

"रडवणं सोपं असतं," मी म्हणालो. "न रडवता सांगणं अवघड."

ती टाइप करत राहिली. पण मला बोलल्यावर बरं वाटलं, म्हणून घरी येऊन ते वाक्य लेखात घातलं.

तसं पाहिलं तर या बाबतीत मला बोलायचा अधिकार आहे. आमची एक मुलगी होती. नवव्या वर्षी गेली. मी चौथ्या दिवशी कामावर हजर होतो. घरात विषय काढला नाही, बायकोला कधी त्रास दिला नाही. त्यामुळेच आम्ही सावरलो. असो.

१९ फेब्रुवारी

चार दिवसांचे दहा झाले. आज फोन केला. बायकोनेच विचारलं, "किती लिहून झालं?"

"झालाच. शेवटचा हात फिरवतोय."

"त्या अकरा मिनिटांबद्दल काय लिहिलंत?"

मला आनंद झाला. माझ्या कामाबद्दल ती इतकं कधी विचारत नाही. परिच्छेद वाचून दाखवला: 'दुःख दाखवायचं नसतं. थोर लेखक एका ओळीत ते सांगतो आणि पुढे जातो, कारण आयुष्यही पुढेच जात असतं. चित्रपटाला हा संयम पेलला नाही. त्याने एका आईला अकरा मिनिटं पेटीपाशी बसवून ठेवलं.' मग विचारलं, "कसं आहे?"

पलीकडून काही आवाज येईना. वाटलं, फोन कटला.

"हॅलो?"

"आहे मी," ती म्हणाली. "जेवलात का?"

"जेवलो. कधी येतेस?"

"मी इतक्यात नाही येणार."

"म्हणजे किती दिवस?"

"मी दिवसांचं बोलत नाहीये."

मग तिने फोन ठेवला. मला काही उलगडा होत नाही. एकतीस वर्षांचा संसार, कधी वरच्या पट्टीत भांडण नाही. मारणं सोडा, मी आवाज चढवला नाही. कादंबरीतली थोरली तरी कशाला गेली ते लेखकाने सांगितलेलं नाही, समीक्षक अजून भांडतायत. पण माझी बायको काही कादंबरीतली नव्हे. तिने सांगायला काय हरकत आहे?

२१ फेब्रुवारी

लेख दिला. त्याची प्रुफं मीच वाचली. मालक खूश. मी खूश व्हायचा प्रयत्न केला.

१ मार्च, रविवार

आज ताई आली. बायको नाही, नुसती ताई. हातात यादी: गुडघ्याचा पट्टा, चष्म्याचा नंबर लिहिलेला कागद, लोकरीचा स्वेटर, आणि 'माळ्यावरची निळी बॅग'.

"निळी बॅग कुठली?" मी म्हणालो. "माळ्यावर नुसते जुने अंक आहेत."

"अंकांच्या मागे आहे. स्टूल द्या."

पासष्ट वर्षांची बाई स्टुलावर चढली आणि मागे हात घालून बरोब्बर बॅग ओढून काढली. लहानशी, शाळेच्या सहलीला नेतात तशी. धूळ नव्हती तिच्यावर. अंकांवर बोटभर होती. कुलूप नव्हतं म्हणून मी उघडली. ताई 'नको' म्हणाली, पण उशीर झाला होता.

आत एक पिवळा फ्रॉक. एक चौकटीची वही. एक मोजा.

मुलगी गेल्यावर पंधरा दिवसांत मी सगळं आवरलं होतं. कपडे, दप्तर, खेळणी, सगळं आमच्या बाईंडरच्या घरी नेऊन दिलं, त्याला तीन मुली होत्या. बायको तेव्हा झोपून असायची. उठल्यावर समोर काही नको, सोपं जाईल, असं मला वाटलं. ती त्यावर चकार शब्द बोलली नव्हती.

"हे परत कुठून आलं?" मी विचारलं.

"ती स्वतः गेली होती बाईंडरच्या घरी. चालत. दाराशी उभी राहून म्हणाली, एवढं एक परत द्या."

"मला नाही बोलली."

"तुम्ही ऑफिसात गेलात की काढते. धुते, वाळवते, घडी करून ठेवते. तुम्ही यायच्या आत वर."

मी खाली बसलो. तोंडातून निघालं ते असं: "सिनेमावाल्यांना हे कसं कळलं?"

ताईने माझ्याकडे अशा नजरेने बघितलं, की आत्ता लिहितानाही कान गरम होतायत. "त्यांना काय कळायचंय?" ती म्हणाली. "हे काय फक्त तुमच्याच घरात झालंय?"

बॅग घेऊन गेली. फ्रॉक इतका धुतलेला आहे, की हाताला कागदासारखा लागतो.

६ मार्च

आज हे व्यवस्थित लिहायचं. घाई करायची नाही.

कादंबरीच्या मजकुराची शेवटची प्रुफं चालू आहेत. नव्या फॉन्टमध्ये अवतरणचिन्हं उलटसुलट होतात, म्हणून प्रत्येक उघडणारं आणि मिटणारं चिन्ह पेन्सिलीने टिपत चाललो होतो. अशा वेळी मी वाचत नसतो, नुसता मोजत असतो. कोण बोललं, कुठे थांबलं. नवरा, सासू, भाऊ, नावेवरचे गडी. दोनशे त्रेपन्नाव्या पानावर कादंबरी संपली आणि मला जाणवलं, की थोरलीचं चिन्ह बऱ्याच वेळात आलं नाही. मागे मागे गेलो. दोनशे अकराव्या पानावर, पलीकडच्या काठावर नावेत पाय ठेवताना ती भावाला म्हणते, "निघते मी." त्यानंतर बेचाळीस पानं. ती घरी येते, चूल पेटवते, सासूचे पाय चेपते, नवऱ्याला वाढते. सगळे तिच्याशी बोलतात. ती एक वाक्य बोलत नाही. 'हो' नाही, 'नाही' नाही. आणि कुणी तिला विचारत नाही. का गेलीस, एवढंसुद्धा नाही. लोकांना तोंडपाठ असलेल्या त्या उताऱ्यात नवरा दीड पान बोलतो.

चार आवृत्त्या. तिचा एकेक काना-मात्रा मी तपासलाय. ती गप्प आहे, हे मला दिसलं नव्हतं.

पेन्सिलीच्या खुणा केलेली पानं तशीच टाकून घरी आलो. आता दुसरं लिहितो.

मुलीला आम्ही मुंगी म्हणायचो. साखरेचा डबा कुठेही लपवा, सापडायचा. ताप आला तेव्हा मी एका शब्दकोशाच्या कामात होतो. तीन दिवस घरीच औषधं केली, चौथ्या दिवशी मान वळवता येईना, म्हणून हॉस्पिटलात नेली. डॉक्टरांनी केलं नाही असं काही नाही. पाचव्या दिवशी दुपारी ताप उतरला. बायको चार रात्री झोपली नव्हती. मुंगी म्हणाली, मला हा हॉस्पिटलचा झगा नको, पिवळा फ्रॉक हवा. डॉक्टर म्हणाले, जाऊन या, तेवढ्यात आंघोळही करून या. बायको गेली. मी जवळ बसलो होतो. प्रुफं बरोबर नेली होती, हेही लिहितो. मांडीवर ती घेऊन बसलो होतो.

मुंगीने डोळे उघडले आणि विचारलं, "आई कुठेय?"

मी म्हणालो, "येतेच आहे."

तिने दाराकडे मान वळवायचा प्रयत्न केला. मग काही नाही.

बायको फ्रॉक घेऊन आली तेव्हा नर्स चादर नीट करत होती. त्या दिवशी आणि नंतर आठवडाभर ती मला एकच विचारत होती, "शेवटी काही बोलली का?" मी सांगत होतो, काही नाही, झोपेतच गेली. खरं सांगितलं असतं तर तिला जन्मभर लागून राहिलं असतं, की पोरगी शोधत होती आणि मी नव्हते. मग तिने विचारणं सोडलं. मला वाटलं, सावरली.

बावीस वर्षांनी हे लिहितोय. एका ओळीत मावलं नाही.

८ मार्च, रविवार

ताईकडे गेलो. दुकान बंद होतं, ताई मला वर नेऊन स्वतः खाली जाऊन बसली. बायको खिडकीशी बटणं लावत होती. गणवेश खरंच होते. मी तिला खोटं ठरवलं होतं.

मी बेचाळीस पानांचं सांगितलं. एका दमात. ती ऐकत होती, सुई चालूच. शेवटी म्हणाली, "तुम्हाला आता दिसलं होय?"

"तुला माहीत होतं?"

"लग्नानंतर तुम्हीच दिली होती ना वाचायला. दर आवृत्तीची एक प्रत घरी आणायचात. दर वेळी वाटायचं, आता तरी बोलेल."

मी म्हणालो, "मी लेख फाडून टाकतो."

"फाडू नका. तुमचं नाव यायचंय त्यात."

मी जे म्हणायला गेलो होतो ते राहूनच जात होतं. शेवटी म्हणालो, "मुंगी." नुसतं तेवढंच. पुढचं वाक्य ठरवलं होतं, ते आलं नाही.

तिच्या हातातली सुई थांबली. "परत म्हणा," म्हणाली. मी परत म्हणालो. तिसऱ्यांदा ती स्वतःच म्हणाली. मग तिने डोळे पुसले आणि बटण पुरं केलं, दोरा दाताने तोडला.

"घरी चल," मी म्हणालो.

"नाही."

"अगं, मी आता बोलेन. आपण रोज बोलू तिच्याबद्दल."

"तुम्ही बोलाल हो. पण मला त्या घरात गप्प बसायची सवय लागलीय. दार उघडून आत पाऊल टाकलं ना, की माझा आवाज जातो. इथे येतो. ताई विचारते सुद्धा, किती बोलतेस गं." तिने माझ्याकडे बघितलं. "हे रागाने नाही सांगत मी."

राग असता तर बरं झालं असतं. रागावर काहीतरी म्हणता येतं.

१२ मार्च

तीन दिवस बसून लेख नव्याने लिहिला. त्या अकरा मिनिटांनी कादंबरीची एक थकबाकी फेडली, लेखकाने जी ओळ लिहिली ती नवऱ्याची ओळ आहे, आईची नाही, आणि रिकामी नाव परत पाठवणं हे त्या बेचाळीस पानांना दिलेलं पहिलं उत्तर आहे, असं सगळं. घेऊन मालकांकडे गेलो.

मालकांनी पहिलं पान वाचलं आणि चष्मा काढला. "आता काय उपयोग? मजकूर तुमच्याकडे अडकला होता म्हणून लेखाच्या पानांचा फॉर्म आणि मुखपृष्ठ आधीच छापून घेतलं. तीन हजार."

"एक दुरुस्तीपत्र जोडू या."

"बारा पानांचं दुरुस्तीपत्र? अहो, चूक कुठाय त्यात?"

डीटीपीवाल्या पोरीने मला छापलेला फॉर्म दाखवला. खाली माझं नाव, ठळक टाइपात. नजर सवयीने ओळींवरून फिरली. एकही चूक नाही.

२२ मार्च, रविवार

पुस्तक आलं. पहिली प्रत मीच बायकोकडे नेली. दुसऱ्या कुणाकडून तिच्या हातात पडावी असं वाटलं नाही. सांगितलं, की लेख जुनाच आहे, नव्याने लिहिलेला छापला नाही. तिने चष्मा लावला आणि शिलाई मशीनपाशी बसून बाराही पानं वाचली. मी समोर उभा. फोनवर ऐकलेला परिच्छेद आला तेव्हा तिने बोट ठेवून तो दोनदा वाचला. मग पुस्तक मिटून म्हणाली, "आईला किती वेळ बसवून ठेवायचं ते कुणी ठरवायचं, नाही का?"

मी म्हणालो, "मला तुला एक सांगायचंय. ती शेवटी बोलली होती."

तिने चष्मा काढला.

"तू विचारत होतीस आणि मी नाही म्हणालो. तिने विचारलं, आई कुठेय. मी म्हणालो, येतेच आहे."

मला वाटलं, ती कोसळेल. मला मारेल. दोन्हीपैकी काही झालं नाही. तिने हातातलं पुस्तक मशीनवर ठेवलं, सरळ, कडेला कड लावून.

"मी आलेच होते," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"जिन्यात होते. लिफ्टला रांग होती म्हणून चालत निघाले. दुसऱ्या मजल्यावर धाप लागली. पायरीवर टेकले. फ्रॉक मांडीवर होता. वाटलं, ताप उतरलाय, आता काय घाई. मिनिटभर डोळे मिटले." तिचा आवाज अगदी साधा होता, बाजारातून आल्यावर सांगते तसा. "हे मी कुणाला सांगितलं नाही. ताईलासुद्धा नाही. तुम्ही म्हणायचात, झोपेत गेली, काही बोलली नाही. त्यावर मी बावीस वर्षं काढली. म्हटलं, निदान तिला कळलं तरी नाही, मी नव्हते ते."

मी काय केलं होतं आणि आज काय करून बसलो, दोन्ही एकदमच कळलं. स्टूल ओढून तिच्याजवळ बसलो. तिने माझी बाही धरली.

"मला एक खरं सांगा. तिने विचारलं तेव्हापासून मी दारात आले तोवर, मध्ये किती वेळ गेला?"

मी म्हणालो, "अर्धा तास. जास्तच असेल. तू घरून निघालीसुद्धा नसशील."

"अर्धा तास?"

"हो. नर्सने सगळं आवरलं होतं ना, त्याला वेळ लागतोच."

"अर्धा तास," ती म्हणाली. मग बाही न सोडता ती रडली, मोठ्याने, तोंड न झाकता, खालून ताई धावत वर येईपर्यंत. मी संध्याकाळी एकटाच घरी आलो. ती आता तिथेच राहणार आहे. जिन्यापर्यंत सोडायला आली आणि म्हणाली, "सावकाश जा."

चार मिनिटं. वॉर्डातलं घड्याळ खाटेच्या समोरच होतं.